चौक मोजल्याशिवाय घर पाडू नका

प्रति,
आर्टिस्ट व्हिलेज, सेक्टर ८, सीबीडी बेलापूर येथील सर्व घरमालक,
आणि त्यांच्या घरांचे नकाशे काढणारे, मंजूर करणारे व घरे बांधणारे,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की तुमच्या वसाहतीत वाळू-विटांच्या गाड्या यायला लागतात. यंदाही काही घरे पाडली जातील. ज्यांनी पाडायचे ठरवले आहे त्यांना थांबवण्यासाठी हे पत्र नाही. पाडण्याआधी काय मोजायचे, नवे घर उंचीला कुठे थांबवायचे आणि शेजारच्या सहा घरांशी काय बोलून ठेवायचे, हे सांगण्यासाठी आहे.

घर वाढवणे ही चूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. ही वसाहत वाढण्यासाठीच आखलेली होती. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी तिची रचना केली, ती पाचशेहून जास्त कुटुंबांसाठी, जेमतेम सहा हेक्टर जागेवर. हेक्टरी ५०० माणसे, आणि तीही लिफ्ट नसलेल्या, जमिनीला टेकलेल्या घरांत. घरांच्या किमतीत तेव्हा फार मोठे अंतर होते, सर्वांत स्वस्त घर सुमारे २० हजारांचे आणि सर्वांत महाग एक लाख ८० हजारांचे. पण प्लॉट मात्र ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आतच ठेवले. ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्यालाही पुढे खोली काढायला जमीन हवी, हा त्यामागचा विचार. दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही तीही याच कारणाने. एकाने आपले घर उलटेपालटे केले तरी शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागू नये.

आणि चौक. सात घरे मिळून सुमारे ८ बाय ८ मीटरचा एक चौक. असे तीन गट एकत्र येऊन २१ घरे, त्यांचा मोठा चौक सुमारे १२ बाय १२ मीटरचा. तशा तीन गटांचा मिळून त्याहून मोठा, २० मीटरच्या आसपासचा. मधून पारसिकच्या डोंगराचे पाणी नेणारा ओढा. घरातले अंगण तुमचे एकट्याचे, चौक सात जणांचा. घर कितीही बदलले तरी चौक टिकेल असे धरून ही मांडणी केलेली होती, आणि आता नेमका तोच जातो आहे.

तो कसा गेला हे दशकांच्या क्रमाने पाहिले तर कुणा एकाला दोष देता येत नाही. सुरुवातीला पांढऱ्या चुन्याच्या भिंती, उतरती कौले, एक किंवा दोन मजले. १९९२ साली रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली आणि लगेच पुढे बेलापूरपर्यंत पोचली. त्याबरोबर घरांना भाव आला, भाडेकरू आले. त्या काळातले बदल छोटे आहेत: अंगणावर पत्रा, खिडक्यांना ग्रिल, दारापुढे बंदिस्त ओटा. मग कौले उतरली आणि स्लॅब पडला. स्लॅब पडल्यावर वर चढायची सोय झाली, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत घरे जोत्यापासून पाडून, प्लॉट काठोकाठ भरून तळमजल्यावर दोन आणि काही ठिकाणी तीन मजले चढले. दर्शनी बाजूला काच, टाइल किंवा अॅल्युमिनियमचे पत्रे. एकाच चौकात आज तीन पिढ्यांची घरे शेजारी शेजारी उभी दिसतात.

कौले का उतरली, याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण 'कौलारू घर गळतेच' ही समजूत खरी नाही. मंगलोरी कौलाला निदान २६ ते ३० अंशांचा उतार लागतो. रिपांमधले, म्हणजे कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधले, अंतर कौलाच्या खाचेप्रमाणे साधारण ३२ सेंटिमीटर राहावे लागते. दुरुस्तीच्या वेळी सुतार जुनी सडलेली रीप काढतो आणि नवी अंदाजाने ठोकतो. अंतर दोन सेंटिमीटरने वाढले की वरच्या कौलाची खालच्या कौलावरची चढण कमी होते आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस आत शिरतो. वाढवलेल्या खोलीवर तेच छप्पर खाली ओढले तर उतार कमी भरतो आणि पाणी उलटे चढते. मग लोक कौलाला दोष देतात. अजून ज्यांची कौले शाबूत आहेत त्यांनी स्लॅबच्या आधी एकदा रिपा मोजून पाहाव्यात. चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. ४० चौरस मीटर छपराची कौले आणि रिपा नव्याने बसवण्याचा खर्च स्लॅबच्या मानाने फार थोडा आहे.

आता उंचीकडे येतो, कारण चौकाचे मरण तिथेच ठरते. बेलापूर १९ अंश अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, दक्षिणेला. म्हणजे चौकाच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या घराची सावली चौकात किती आत येईल, हे काढायला घराची उंची १.०९ ने भागायची. जोते ४५ सेंटिमीटर, प्रत्येक मजला ३ मीटर, गच्चीचा कठडा १ मीटर धरा. तळ अधिक एक मजला असेल तर उंची ७.४५ मीटर आणि सावली ६.८ मीटर, आठ मीटरच्या चौकात पलीकडच्या दारांपुढे एक मीटरभर ऊन उरते. तळ अधिक दोन झाले की उंची १०.४५ आणि सावली ९.६ मीटर. चौक संपला, आणि समोरच्या घराच्या भिंतीवरही दीड-पावणेदोन मीटरपर्यंत सावली चढली. तळ अधिक तीन असेल तर सावली १२.३ मीटर, म्हणजे २१ घरांचा मोठा चौकही पूर्ण झाकला. हिवाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे एवढाच हा प्रश्न नाही. चार महिने भिजलेली भिंत ऑक्टोबरपासूनच्या उन्हात वाळते. ऊन नसेल तर ओल आत राहते, गिलावा फुगतो, आणि बुरशीचा वास पुढच्या पावसापर्यंत जात नाही. त्याचा त्रास उंच बांधणाऱ्याला होत नाही, समोरच्याला होतो.

म्हणून आमचे ठाम मत असे: चौकाच्या दक्षिणेच्या घरांनी चौकाच्या रेषेवर तळ अधिक एक मजल्याच्या वर जाऊ नये. दुसरा मजला हवाच असेल तर तो चौकाच्या बाजूने तीन मीटर मागे घ्या. तेवढे केले की दहा मीटर उंचीच्या घराची सावलीही चौकात साडेसहा मीटरवरच थांबते, एकमजली माडीइतकीच. प्लॉट सहा मीटर रुंद असेल तर यात वरच्या मजल्यावरचे १८ चौरस मीटर जातात, हे आम्ही लपवत नाही. छोट्या प्लॉटवर ही एक मोठी खोली झाली. पण तिथे मिळते ती गच्ची चौकाकडे तोंड केलेली, उघड्या आभाळाखालची, आणि मूळ मांडणीत प्रत्येक घराला अशीच जागा द्यायची होती. उत्तरेच्या बाजूच्या घरांना एवढे बंधन नको, कारण त्यांची सावली हिवाळ्यात चौकाबाहेर पडते. पूर्व-पश्चिमेच्या घरांनी मध्यम मार्ग धरावा; तिथे सकाळचे किंवा संध्याकाळचे ऊन जाते, दुपारचे राहते.

पाण्याचे गणित याहून सोपे आहे आणि त्याकडे जास्त दुर्लक्ष होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस बेलापूरला नवा नाही. चौकाच्या ६४ चौरस मीटरवर त्या दिवशी ६,४०० लिटर पाणी पडते. सात घरांची छपरे प्रत्येकी ४० चौरस मीटर धरली आणि सगळ्यांच्या पन्हळी चौकात सोडल्या, तर आणखी २८,००० लिटर. चौक मातीचा असतो तेव्हा पहिल्या सरीचा जोर जमीन घेते आणि बाकीचे पाणी हळूहळू ओढ्याकडे सरकते. कोबा केला की सगळे एकदम गटारावर येते, आणि गटार १९८६ च्या अंदाजाचे.

त्यातही खरी गोम थरांत आहे. एकदा कोबा होतो, काही वर्षांनी तो न उखडता त्यावर पेव्हर बसतात, मग पेव्हर खचले म्हणून पुन्हा खडी पसरून नवे पेव्हर. प्रत्येक थर साधारण १० सेंटिमीटरचा. जुन्या घराचे जोते ४५ सेंटिमीटर होते. तीन थरांनंतर ते १५ सेंटिमीटर उरते. नवी घरे बांधणारा आपले जोते आजच्या पातळीपासून मोजतो, म्हणून त्याला काही होत नाही. ज्याने घर पाडले नाही, त्याच्या उंबऱ्यात पाणी येते. त्यामुळे चौकात काहीही बसवण्याआधी आधीचा थर उखडलाच पाहिजे, आणि चौकाची पातळी सर्वांत खालच्या जोत्यापासून निदान ३० सेंटिमीटर खाली ठेवली पाहिजे. पेव्हर हवेच असतील तर खाली काँक्रीटचा थर नको, खडी आणि वाळूची गादी करा, सांधे सिमेंटने भरू नका, आणि ओढ्याकडे ६० ला १ असा उतार द्या. झाडाच्या बुंध्याभोवती सर्व बाजूंनी एक मीटर माती उघडी ठेवा. चेंबरची झाकणे पेव्हरखाली गाडू नका. तुंबल्यावर कुठले फोडायचे हे कुणालाच आठवत नाही आणि मग अर्धा चौक उखडावा लागतो. गच्चीचे पाणी उंचावरून पन्हळीने चौकात ओतू नका. ११० मिलिमीटरचा नळ भिंतीलगत खाली आणून गटाराला जोडा. पाण्याच्या हिशेबाने ४० चौरस मीटरच्या गच्चीला एक नळ पुरतो, पण पानांनी एक तुंबतो, म्हणून दोन द्या.

ज्यांना पूर्ण पाडायचे नाही, फक्त एक मजला चढवायचा आहे, त्यांच्यासाठी हा भाग. नऊ इंची विटांची तीन मीटर उंच भिंत गिलाव्यासह प्रत्येक मीटर लांबीला सुमारे १.४ टन भरते. त्यावरचा पाच इंची स्लॅब, फरशी, माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे ६०० किलो. तीन मीटरच्या खोलीत त्यातला अर्धा भार एका भिंतीवर येतो, म्हणजे आणखी ०.९ टन. एका मजल्यामागे पायाच्या प्रत्येक मीटरवर सव्वादोन टनांहून अधिक वाढ. कोणत्या घराचा पाया हे पेलेल, हे बाहेरून कळत नाही. दोन ठिकाणी, एक आतल्या भिंतीला आणि एक बाहेरच्या कोपऱ्याला, मीटरभर चौरस खड्डा घेऊन पायाच्या तळापर्यंत जा. तळाची रुंदी, खोली आणि खालची जमीन मुरूम आहे की भराव, हे इंजिनीअरने स्वतः उतरून पाहावे. ओढ्याच्या कडेच्या घरांनी हे अजिबात टाळू नये. फोटोवरून सल्ला देणारा इंजिनीअर बदला.

जुन्या भिंतीत खाच पाडून मधेच आरसीसी कॉलम उभा करायचा, ही पद्धत सर्रास चालते आणि ती वाईट आहे. खाच पाडल्याने भिंतीची ताकद जाते, कॉलमचा छोटा पाया आणि भिंतीचा लांब पाया वेगवेगळे खचतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत दोहोंच्या सांध्यावर उभी चीर येते. एकतर सगळा भार भिंतींवर, नाहीतर पूर्ण नवा सांगाडा. नव्या कॉलमच्या सळईवर निदान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे; खाडीची खारी हवा जवळ आहे. कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे ठरावीक जाडीचे सिमेंटचे ठोकळे) साइटवर असतील तरच ते मिळते, विटेच्या तुकड्यांवर सळई ठेवून मिळत नाही. पाण्याची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती स्लॅबच्या मध्यावर नको, दोन भिंती किंवा बीम जिथे भेटतात तिथे ठेवा.

पूर्ण पाडणाऱ्यांनी शेजारच्या घराकडे आधी बघावे. त्याचा पाया उथळ आहे आणि तुम्ही त्याच्या हद्दीलगत दोन मीटर खोल खणणार आहात. सलग चर कधीच खणू नका. मीटर-सव्वामीटरचा एक तुकडा खणा, भरा, मग एक सोडून पुढचा. हद्दीलगतचे खोदकाम मेअखेर संपलेले हवे. जूनमध्ये उघडा राहिलेला चर शेजाऱ्याची भिंत घेऊन बसतो. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्याच्या घरातल्या सगळ्या चिरांचे तारखेसह फोटो काढा आणि एक प्रत त्यालाही द्या. पुढची निम्मी भांडणे तिथेच टळतात.

दोन घरांमधली ती चार-सहा इंचांची फट ही या वसाहतीची सगळ्यांत दुर्लक्षित जागा आहे. स्वतंत्र भिंतीच्या मूळ विचारातून ती आली, आणि बांधकामाच्या वेळी तिच्यात राबिट, म्हणजे विटा-सिमेंटचा तोडफोडीचा कचरा, पडते. राबिट पाणी धरते, दोन्ही भिंती आतून ओल्या होतात, आणि दोन्ही मालक आपापल्या बाजूला वॉटरप्रूफिंगवर पैसे घालत राहतात. फट आधी वरपासून खालपर्यंत साफ करा. उंच घराच्या भिंतीत २५ मिलिमीटरची आडवी खाच मारून त्यात पत्र्याची पट्टी बसवा, सीलंट भरा, पट्टी उतरती करून बुटक्या घराच्या कठड्यावर नुसती टेकू द्या. तिथे खिळे मारू नका, कारण दोन घरे वेगवेगळी हलतात. दुसरे घर पुढे उंच झाले की पट्टी काढून वर नेता येते. याच फटीकडे उघडणारी खिडकी ठेवू नका. शेजारी उद्या माडी चढवेल तेव्हा ती बंद होणार आहे, आणि तिच्या भरवशावर आतली मोरी आणि संडास आखलेले असतील तर हवेचा मार्गच संपतो. हवा आपल्या प्लॉटच्या आतूनच घ्या, निदान दीड मीटर रुंदीचे अंगण मोकळे ठेवून.

गाड्यांबद्दल थोडक्यात. एक मध्यम गाडी उभी राहायला सुमारे आठ चौरस मीटर घेते आणि वळायला त्याहून जास्त. चौकात चार गाड्या आल्या की पाचव्या घरातल्या आजीला काठी टेकत बाहेर पडायची जागा राहत नाही. गाड्या बाहेरच्या रस्त्यावर, चौकात फक्त सामान उतरवणे आणि रुग्णवाहिका. यावर वाद होईल याची कल्पना आहे.

वाशीत सिडकोची जुनी इमारत पाडायची तर सोसायटीची सभा बोलवावी लागते, निम्म्याहून अधिक सभासदांची संमती लागते, भांडणे होतात पण बोलणे होते. तुमच्याकडे प्रत्येक जण आपल्या प्लॉटचा धनी, म्हणून कुणी कुणाला विचारत नाही आणि सात जणांच्या जागेचा निर्णय एकेकटा घेतला जातो. यावर उपाय एका पानाचा आहे. सात घरांनी बसून लिहून काढावे: चौकाच्या रेषेवरची उंची किती, मागे घेण्याचे अंतर किती, चौकाची पातळी कोणत्या घराच्या उंबऱ्यापासून मोजायची, चेंबर कुठे आहेत, कोणती झाडे ठेवायची, गाड्या कुठे. सोबत चौकाचा टेपने मोजलेला नकाशा, १:१०० प्रमाणात, सात जोत्यांच्या उंचीसह. दोन माणसे आणि पातळी जुळवायला एक पाण्याची पारदर्शक नळी असली तर रविवारच्या सकाळी हे काम होते. सातही सह्या घ्या आणि ज्याचे बांधकाम निघेल त्याने हे पान आपल्या आर्किटेक्टला नकाशा काढण्याआधी द्यावे, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा परवाना) हातात आल्यावर नव्हे.

नकाशे मंजूर करणाऱ्यांना तीन विनंत्या. या वसाहतीतल्या प्रत्येक अर्जाबरोबर फक्त प्लॉटचा नाही, पूर्ण चौकाचा नकाशा आणि सातही घरांची सध्याची उंची मागा. जोते तपासायला याल तेव्हा जोत्याची उंची समोरच्या रस्त्यापासून न मोजता चौकातल्या सर्वांत खालच्या उंबऱ्यापासून मोजा. आणि चौकाच्या बाजूचा दुसरा मजला मागे घेणाऱ्याला ते गेलेले क्षेत्र प्लॉटच्या मागच्या बाजूला भरून घेण्याची मुभा द्या, म्हणजे मागे सरण्यात कुणाचे नुकसान होणार नाही.

जी जुनी घरे यंदा पाडली जाणार आहेत, त्यांचे मोजमाप आधी घेऊन ठेवा: तळमजला, छेद, चारही दर्शनी बाजू, आणि जिन्याचा तपशील. दोन-तीन खोल्यांच्या घराला दोन माणसांचे एक दिवसाचे काम. कौले आणि सागाचे वासे राबिटच्या गाडीत टाकू नका. चौकातल्या ज्या घराचे छप्पर अजून कौलारू आहे त्याला दुरुस्तीला तीच मापे लागतात, आणि ती बाजारात सहज जुळत नाहीत.

पावसाळ्याआधी ज्यांचे काम निघणार आहे त्या चौकांनी डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदा दुपारी साडेबाराला बाहेर येऊन सावलीची रेघ खडूने फरशीवर मारून ठेवावी. नव्या घराचा नकाशा टेबलावर येईल तेव्हा ती रेघ कुठपर्यंत सरकेल, हे वरच्या भागाकाराने काढता येईल.

आपले,
नवी मुंबईत घरबांधणीचे काम करणारे काही आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि मुकादम